तळ्याकडे पाठ

आमच्या सासरी तळ्याकडे पाठ करून उभं राहायची पद्धत आहे. लग्नाआधी हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी मी विश्वास ठेवला नसता.

सासऱ्यांचा फोटो स्टुडिओ होता. पुढे काउंटर, मागे डार्करूम आणि मधल्या खोलीत भिंतभर एक रंगवलेला पडदा. पडद्यावर बर्फाचे डोंगर, पाइनची झाडं आणि मधोमध तळं. शहरातल्या निम्म्या जोडप्यांचा पहिला फोटो या तळ्याकाठी निघालेला आहे. घरातली दोन्ही मुलं या पडद्यापुढेच वाढली, त्यामुळे डोंगर किंवा पाणी दिसलं की ती आपोआप वळतात. डावा खांदा पुढे, हनुवटी जरा खाली, श्वास रोखलेला. कुणीतरी 'झालं' म्हणेपर्यंत हलत नाहीत. बादली भरलेली दिसली तरी माझा नवरा वळेल की काय, अशी मला धास्ती असते.

सासूबाई मात्र कधी पडद्यापुढे उभ्या राहिल्या नाहीत. त्या कॅमेऱ्याच्या बाजूच्या. फोटोंवरचे डाग बारीक ब्रशने भरायचे आणि पडद्याची डागडुजी करायची, ही त्यांची कामं. पडदा रोज गुंडाळून ठेवायचा असल्यामुळे त्याच्या रंगाला चिरा पडत, आणि त्या नेमक्या पाण्यात पडत. सासूबाई चिरा भरायला बसल्या की रंगात हळूच हिरवा मिसळायच्या. काठाला एवढी झाडं असताना पाणी निळं कसं असेल, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या दिवशी सासरे त्यावर निळा फासायचे. डोंगरातलं तळं निळंच असतं, असं त्यांचं म्हणणं. दोघांपैकी कुणीही तसलं तळं पाहिलेलं नव्हतं. आणि पहिली कित्येक वर्षं फोटो ब्लॅक अँड व्हाइट निघायचे, तरीही भांडण पूर्ण रंगात चालू होतं.

गेल्या हिवाळ्यात सासरे गेले. पडदा तर त्याआधीच उंदरांनी संपवला होता. सासूबाई रडल्या, जेवल्या, झोपल्या, सगळं वेळच्या वेळी केलं. फक्त बोलायच्या थांबल्या. जुलाबाचं औषध द्यावं तसा प्रत्येकानं आपापला उपाय दिला. कुणी त्यांना टीव्ही लावून दिला, कुणी मोबाईलवर भजनं. मग एके दिवशी जेवताना त्या ताटाकडे बघत म्हणाल्या, "मला एकदा खरं तळं बघायचंय. डोंगरातलं."

आयुष्यात त्यांनी मागितलेली ही पहिली गोष्ट होती. घर हादरलं. थोरले दीर, म्हणजे आमचे भाऊजी, यांनी त्याच संध्याकाळी मोहीम हाती घेतली. भाऊजी आता स्टुडिओ चालवतात, म्हणजे पासपोर्टचे फोटो काढतात. दिवसभर लोकांना 'हसू नका' सांगून सांगून त्यांना माणसं हलवायची सवय लागली आहे.

आम्ही पोचलो तेव्हा तळं नव्हतं. म्हणजे होतं, पण धुक्यात. समोर सगळं पांढरं. तरी भाऊजी आणि माझा नवरा गाडीतून उतरल्या उतरल्या त्या पांढऱ्याकडे पाठ करून उभे राहिले, आणि जाऊबाईंनी त्यांचे फोटो काढले.

फाटकापाशी मोठी पाटी होती. 'तळ्यावर करण्यासारख्या बारा गोष्टी.' भाऊजींनी ती दोनदा वाचली आणि बाह्या सरसावल्या.

"बाराच्या बारा करायच्या. परत कोण येतंय इथं?"

"आईंना तळं बघायचंय ना?" मी म्हणाले.

"बघेल की. तळं कुठं पळून चाललंय? आधी रोपवेची रांग धरू."

मी पाटी नीट वाचली. बारा गोष्टींत तळं बघण्याचा उल्लेख नव्हता.

कुटुंबाच्या सहलीत सामानाजवळ बसायला एक माणूस लागतंच, आणि ते कोण हे ठरवायला कुणाला चर्चा लागत नाही. पार्किंगच्या कडेला एक बाक होता. त्यावर पाच पिशव्या, दोन थर्मास आणि सासूबाई अशी मांडणी झाली. बाकाचं तोंड गाड्यांकडे होतं.

"आई, तू निवांत बस," भाऊजी म्हणाले. "तुझे गुडघे आहेत."

गुडघे त्यांना आहेत हे खरं. दुखत मात्र जाऊबाईंचे होते.

मग आम्ही करण्यासारख्या गोष्टी करायला लागलो. रोपवेतून वर गेलो आणि धुक्याच्या आत उभं राहून धुक्याचा फोटो काढला. थंड पाण्यात पाय बुडवून आरोग्य सुधारायची सोय होती, त्यासाठी तळ्याच्या काठावर टबांची ओळ मांडली होती आणि टबांत नळाचं पाणी सोडलं होतं. बदकांना दाणे घालायचे होते. बदकं इतकी जेवली होती की त्यांनी आमच्याकडे बघून मान फिरवली. एका लाकडी चौथऱ्यावर 'शांततेचा अनुभव' घ्यायचा होता. तिथे लाऊडस्पीकरवरून एक बाई सारखी सांगत होती की बोलू नका.

मधेच कधीतरी धुकं उठलं. मला ते कळलं ते माणसांवरून. काठावरची सगळी माणसं एकदम वळली आणि हात लांब करून मोबाईलमध्ये हसायला लागली. म्हणजे ही पद्धत आता फक्त आमच्या सासरची राहिलेली नाही. मीही वळलेच होते. जाऊबाईंनी मला खांद्याला धरून वळवलं होतं, आणि माझा चेहरा उन्हात काळा येतोय म्हणून आणखी दोनदा वळवलं. मला पाणी दिसलं ते ओझरतं, तेही कुणाच्या तरी टोपीवरून.

पेडलच्या बोटीत नवरा आणि भाऊजी मागे तोंड करून बसले, कारण जाऊबाई काठावरून फोटो काढत होत्या. बोट कुठे चालली आहे ते कुणीच बघत नव्हतं. ती दुसऱ्या बोटीवर आदळली. त्या बोटीतलं कुटुंबही मागेच बघत होतं, त्यामुळे भांडण झालं नाही.

एवढ्यात मला डोंगरावरून खाली घसरत येणारा ढग दिसला. काठावरचा बोटवाला बोटी बांधायला लागला होता.

"आता दिवसभर काही दिसायचं नाही," तो म्हणाला. "आला की बसतो."

माझं टाळकंच सटकलं. ज्या बाईसाठी आलो ती सकाळपासून गाड्यांचे नंबर वाचत बसली होती, आणि आम्ही बदकांची मनधरणी करत होतो.

"आईंना घेऊन येते," मी म्हणाले.

"आता कुठं?" भाऊजी बोटीतून ओरडले. "आपल्या अजून चार राहिल्यात."

मी त्यांना त्यांच्या चारांसह तिथंच सोडलं.

सासूबाई बाकावर होत्या तशाच बसल्या होत्या. पाच पिशव्या जागेवर होत्या. बाकाच्या मागे झुडपांची कमरेएवढी रांग, आणि तिच्यापलीकडे तळं. नुसती मान वळवली असती तरी दिसलं असतं.

"आई, तुम्ही बघितलंत?"

"नाही."

"अहो, मागेच आहे."

"माहितीये मला. सकाळपासून लोक 'आहाहा' करतायत, बहिरी नाही मी."

"मग?"

त्यांनी थर्मासचं झाकण घट्ट होतं तरी आणखी घट्ट केलं.

"हिरवं निघालं तर त्यांना आयुष्यभर चुकीचं वागू दिलं असं होईल. निळं निघालं तर मीच उगाच त्यांना छळलं असं होईल. तूच सांग, कुठल्या तोंडानं वळू?"

मी डोंगराकडे बघितलं. ढग अर्ध्या डोंगरावर आला होता, पाइनची वरची झाडं दिसेनाशी झाली होती.

"आई, थोड्या वेळात काहीच दिसणार नाही. हिरवंही नाही, निळंही नाही. मग घरी जाऊन काय करणार आहात?"

त्या उठल्या. गुडघ्यांचं नावही न घेता उठल्या.

"पिशव्या?" त्या म्हणाल्या.

"जाऊ देत खड्ड्यात."

झुडपांना वळसा घालून आम्ही काठापर्यंत गेलो. त्या शेवटपर्यंत पायांकडे बघत चालत होत्या. पाण्याच्या अगदी जवळ दगडावर नीट उभ्या राहिल्या, पदर खोचला, आणि मग एकदम मान वर केली.

तळं निळं होतं. थोडंसं वगैरे नाही. कपड्यांना घालायची नीळ हात सैल सोडून ओतली तर होईल तसं, या टोकापासून त्या टोकापर्यंत निळं. झाडं अगदी पाण्यात वाकली होती, तरी त्यांच्या सावलीतसुद्धा हिरव्याचा मागमूस नव्हता. असं चित्र कुणी काढून दाखवलं असतं तर मी म्हटलं असतं, काहीतरीच.

सासूबाई बराच वेळ बघत राहिल्या. मग वाकून त्यांनी ओंजळीत पाणी घेतलं, त्याला कसलाच रंग नव्हता, ते सोडून दिलं.

"निर्लज्ज आहे अगदी," त्या म्हणाल्या. आणि मग, मला नव्हे, "बरं. बरं, बरं."

नवरा ऐकत नाही म्हटल्यावर बायका विषय सोडून देताना म्हणतात, तसं. मला रडू आलं. त्यांना नाही आलं, पण हिवाळ्यापासून जो चेहरा बंद होता तो उघडलेला मला दिसला, आणि त्या चेहऱ्यावर चक्क राग होता. ताजा, छान राग.

"फोटो काढू?" मी विचारलं.

"कशाला? मग वळावं लागेल."

ढग पाण्यावर उतरला. आधी पलीकडचा काठ गेला, मग बोटी, मग आमच्या पायाशी आलेली निळाई हळूहळू पुसली गेली. सगळं गेलं तेव्हाच त्या वळल्या.

बाकापाशी सगळे जमले होते. भाऊजी खूश होते. बारापैकी दहा झाल्या होत्या आणि उरलेल्या दोन हवामानामुळे हुकल्या, म्हणजे त्यांची चूक नव्हती. पिशव्या एकट्या सोडल्याबद्दल त्यांनी माझ्याकडे एक नजर टाकली.

"काय आई, बघितलंस की नाही तळं?"

"बघितलं."

"मग कोण जिंकलं?" माझ्या नवऱ्यानं हसत विचारलं. "तू का बाबा?"

मी सासूबाईंकडे बघितलं. त्या थर्मासमधून चहा ओतत होत्या.

"हिरवं आहे. म्हटलं नव्हतं मी?"

भाऊजींनी मोबाईल काढला. फोटोंवर त्यांनी काहीतरी उन्हाळी छटा चढवली होती, त्यात सगळ्यांचे गाल गुलाबी आले होते आणि तळं वरणासारखं. त्यांनी माझ्या नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्यानं जाऊबाईंकडे बघितलं. अख्खा दिवस तिघं तळ्यावर होते.

"हो, हिरवंच होतं," जाऊबाई म्हणाल्या.

"मला वाटलंच होतं," भाऊजी म्हणाले. "बाबा ऐकायचेच नाहीत कुणाचं."

"तू नको बोलूस त्यांना," सासूबाई म्हणाल्या. "माझं मी बघेन."

परतीच्या वाटेवर, गाडी चालवणारा सोडला तर, पुढची सगळी मंडळी फोटो बघण्यात गुंग होती. मागच्या सीटवर आम्ही दोघी. राहवलं नाही म्हणून मी हळूच म्हणाले, "आई, निळं होतं."

"मला डोळे आहेत."

"मग?"

त्यांनी पुढे बघितलं, कुणाचं लक्ष नाही अशी खात्री केली.

"निळं म्हटलं की भांडण मिटलं गं. मग त्या घरात मी दिवसभर बोलू कुणाशी?"

बाहेर रस्ता उतरत होता.

"तसं हिरवटच होतं," मी म्हणाले. "काठाला तरी."

"काठाला नाही," त्या म्हणाल्या. "सगळंच."