दार निंगप्पाकडेच

सिद्रामप्पांच्या नाकावर राग असतो, हे सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चहावाल्यापासून टेम्पोवाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. नाकही तसं ऐसपैस असल्यामुळे रागाची तिथे कधी अडचण झाली नाही. त्यांचा शाळेच्या गणवेशांचा कारखाना होता. मे महिना म्हणजे त्यांची दिवाळी आणि वार्षिक परीक्षा, दोन्ही एकदम. जूनच्या मध्याला शाळा उघडतात आणि पोरांच्या अंगावर गणवेश नसेल, तर पुढच्या वर्षी शाळा तुमच्या दारात उभी राहत नाही.

गेल्या हिवाळ्यात उद्योजकांच्या संघटनेनं एका हॉटेलात नेतृत्वाचं शिबिर भरवलं होतं. सिद्रामप्पाही गेले होते. एका टायवाल्या माणसानं दिवसभर पडद्यावर बाण आणि गोल दाखवले. सिद्रामप्पा येताना एक पेन आणि एक पिशवी घेऊन आले. पिशवीत हल्ली कांदे असतात.

तर त्या दिवशी सकाळी असं झालं. एका मोठ्या शाळेच्या पँटी गडद निळ्या हव्या होत्या. सिद्रामप्पांनी सहज म्हणून शिवून झालेली एक पँट उचलली आणि दाराशी उन्हात धरली. पँट काळी होती. दुसरी उचलली, तीही काळी. ढीगच्या ढीग काळा. दुसऱ्या शाळेसाठी आणलेलं काळ्या कापडाचं थान निळं समजून कापलं गेलं होतं.

कापणारा माणूस एकच. कटिंग मास्तर हिंदुराव. मूळचा माढ्याकडचा. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड आणि दोन मशिनी होत्या, तेव्हापासून तो टेबलाशी उभा होता. त्यानं थर लावून कटर फिरवला की सूतभर इकडंतिकडं होत नसे. पण सिद्रामप्पांच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. त्यांनी हिंदुरावच्या गळ्यातला टेप ओढला आणि सगळ्या बायकांसमोर बाहेर फुफाट्यात भिरकावला. "उद्यापासून येऊ नको. माढ्याला जा आणि ऊस तोड," म्हणाले.

हिंदुरावनं बाहेर जाऊन टेप उचलला, झटकला, गुंडाळून टेबलावर ठेवला आणि चपला घालून निघून गेला. शिवणाऱ्या बायकांनी माना खाली घातल्या. मशिनी चालू झाल्या खऱ्या, पण मरगळलेल्या. दुपारपर्यंत सिद्रामप्पांच्या लक्षात आलं की पँटींचं कापलेलं कापड संपलं आहे, निळं कापायचं बाकी आहे आणि मे महिन्यात सोलापुरात सगळं मिळतं, रिकामा कटिंग मास्तर मिळत नाही. हिंदुराव परत आला नाही तर शाळा गेली. पण परत बोलवायचं कसं? थुंकलेलं परत गिळायची सवय त्यांना नव्हती.

तीन वाजता ते घरी आले. बाहेर ऊन असं होतं की कुत्रीसुद्धा गटारात बसली होती. दार लोटलेलं होतं. आतल्या खोलीतून बाईचा आवाज येत होता, आणि तो त्यांच्या ओळखीचा नव्हता. हळू, ठाम, कुणाचीही परवानगी न मागणारा.

"सयाजी सर, तुमी डाव्या बुरुजावर. नर्सबाई, तुमी मागं. निंगप्पा, दार तुमच्याकडं."

सिद्रामप्पांनी वाकून पाहिलं. पलंगावर त्यांची बायको चंद्रिका बसली होती. पाठ दाराकडे, समोर पालथ्या स्टीलच्या डब्याला टेकवलेला फोन. फोनवर एक किल्ला आणि तटावर मुंग्यांएवढी माणसं पळत होती. कानाला वायर लावली की चंद्रिकाबाईंचे कान दुखायचे, म्हणून आवाज मोकळा ठेवलेला. फोनमधून नांदेड बोलत होतं, कलबुर्गी बोलत होती, वैरागचे कुणी निवृत्त मास्तर खोकत होते, आणि सगळे तिला 'अक्का' म्हणत होते.

खेळाची हकिकत सिद्रामप्पांना अर्धीमुर्धी माहीत होती. मुलगा बसवेश पुण्याला नोकरीला गेला, तेव्हा त्यानं आईच्या फोनवर हा खेळ घालून दिला होता. रोज संध्याकाळी दोघं बोलत बोलत खेळायचे. पुढे बसवेशला वेळ मिळेना, त्याचा खेळ सुटला. चंद्रिकाबाईंचा सुटला नाही. दुपारची भांडी झाली की ती फोन घेऊन बसते, एवढं सिद्रामप्पांना ठाऊक होतं. रिकामं मन, दुसरं काय, असं त्यांना वाटायचं. पण या बसण्याला तीस माणसं वाट बघत असतात, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

तेवढ्यात फोनमध्ये एकच गलका झाला. किल्ल्याचं दार उघडलं होतं आणि शत्रू आत घुसला होता. बघता बघता सगळं लाल झालं. डाव गेला.

"दुधनीवाल्यानं घात केला," एक पोरगा ओरडला. "अक्का, त्याला काढा. आडत दुकानात बसून खेळतो, लक्ष गिऱ्हाइकाकडं." मग दुसरा, मग तिसरा. सगळे निंगप्पावर तुटून पडले. दाराबाहेर उभ्या सिद्रामप्पांना त्या शिव्या अगदी योग्य वाटल्या. आता ही काय बोलते ते ऐकायला त्यांनी कान टवकारले.

"सगळ्यांनी माईक बंद करा," चंद्रिकाबाई म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता, तरी तीस माणसं गप्प झाली. सिद्रामप्पांनी आयुष्यात इतक्या कमी आवाजात इतकी शांतता कधी मिळवली नव्हती.

"निंगप्पा, तुमाला काय दिसलं ते सांगा."

पलीकडून एक पडेल आवाज आला. "अक्का, उजव्या भिंतीला शिडी लागलेली दिसली. मला वाटलं आपलीच माणसं बाहेर राहिली. म्हणून दार उघडलं."

"ती शिडी आणिक कुणाला दिसली होती?"

एक मुलगी अडखळत म्हणाली, "मला दिसली होती. शत्रूची होती. पण माझं काम कोठाराचं होतं, म्हणून मी बोलले नाही."

"काम कोठाराचं असू दे. डोळं सगळ्यांचं हायत की," चंद्रिकाबाई म्हणाल्या. "आता परत खेळू. ज्याला जे दिसंल, त्यानं ते बोलायचं. चुकीचं दिसलं तरी बोलायचं. आणि दार निंगप्पाकडंच."

कुणीतरी कुरकुरलं. तिनं पुन्हा तेच वाक्य त्याच आवाजात म्हटलं आणि विषय संपला.

दुसरा डाव सिद्रामप्पांनी भिंतीला टेकून, डोक्यावरची टोपी हातात धरून पाहिला. फोनमधून आवाजांचा पाऊस पडत होता. मागं धूर हाय. डावीकडं चौघं. शिडी आली, शिडी. चंद्रिकाबाई मध्येच एखादं नाव घ्यायच्या, एखादा शब्द टाकायच्या. एकदा निंगप्पाचा हात पुन्हा दाराकडे गेला, तेव्हा दहा तोंडांनी एकदम त्याला थांबवलं आणि ती फक्त कानडीत म्हणाली, "निल्लप्पा." थांब रे बाबा. तो थांबला. दार टिकलं. डाव जिंकला, आणि फोनमधून निंगप्पाचा हसण्याचा की रडण्याचा आवाज आला, ते कळलं नाही.

सिद्रामप्पांच्या अंगावर काटा आला. चार खोल्यांच्या घरात सत्तावीस वर्षं ही बाई आपल्याला 'जेवायला वाढू का' विचारत होती, आणि तिच्यात हे होतं. आपण हॉटेलात जाऊन बाण आणि गोल बघून आलो. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

फोन बंद करून ती वळली, तर दारात नवरा. "री, कधी आलात?" असं 'अहो'चं कानडी 'री' घालत ती गडबडीनं उठली, पदर सावरला, आणि आवाज पुन्हा नेहमीचा झाला. "च्या टाकू?"

"राहू दे," सिद्रामप्पा म्हणाले. मग बराच वेळ टोपी फिरवत राहिले. "तो दुधनीवाला. त्यानं परत दार उघडलं असतं तर?"

"तर परत हरलो असतो."

"मग दुसऱ्याला का नाही दिलंस?"

चंद्रिकाबाईंना या प्रश्नाचंच नवल वाटलं. "दुसऱ्याला दिलं असतं, तर बाकीचे सगळे आपलं काम कधी काढून घेतील या भीतीनं खेळले असते. भ्यालेलं माणूस चुका कमी करतं असं नव्हं. चुका दाखवत न्हाय, एवढंच."

सिद्रामप्पा खाली बसले. त्यांच्या डोळ्यांपुढे सकाळचा तो काळा ढीग आला. त्या पँटींवर शिलाई निळ्या दोऱ्याची होती. काळ्या कापडावर निळा दोरा शिवणाऱ्या बाईला दिसत नाही? ढीग साचेपर्यंत ती कापडं चार टेबलांवरून गेली होती. म्हणजे दिसलं होतं. सगळ्यांना दिसलं होतं. आणि मागच्याच आठवड्यात शिवणारी गुरम्मा काहीतरी सांगायला उठली होती, तेव्हा आपणच म्हणालो होतो, "तुला शिवायला ठेवलंय, बघायला न्हाय." हे आठवलं आणि त्यांना स्वतःची लाज वाटली. राग आला असता तर बरं झालं असतं. रागाची त्यांना सवय होती.

उन्हं कलल्यावर ते स्कूटर काढून कुमठा नाक्याजवळ हिंदुरावच्या खोलीवर गेले. तो दारात पिशवी भरत होता. गावाकडे निघाला होता. सिद्रामप्पांनी वाटेत चार वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही तोंडातून निघालं नाही.

"उद्या ये. टेबल तुझंच हाय."

"मालक, माजी चूक हाय. दुसरा बगा."

"दुसऱ्याला देणार न्हाय," सिद्रामप्पा म्हणाले, आणि स्कूटर वळवली. हिंदुराव पिशवी हातात धरून बघत राहिला.

सकाळी तो आला. बायकांनी चोरून पाहिलं आणि माना खाली घातल्या. सिद्रामप्पा मधोमध उभे राहिले. त्यांना भाषण येत नव्हतं. "कालचं कापड काळं हाय, हे कुणाकुणाला दिसलं होतं?" त्यांनी विचारलं. कुणी हललं नाही. "बरं. आजपासनं ज्याला जे दिसंल, त्यानं बोलायचं. मला सुद्धा." बायका खाली मान घालूनच राहिल्या. असली वाक्यं त्यांनी आधीही ऐकली होती, आणि नंतरच्या शिव्याही.

वेळ घालवून चालणार नव्हतं. सिद्रामप्पा स्वतः अंधाऱ्या गोदामात गेले, निळं थान खांद्यावर घालून आणलं आणि टेबलावर सोडलं. हिंदुरावनं हात फिरवून पहिला थर लावला, दुसरा लावला. वर पँटीचा पुठ्ठ्याचा फर्मा ठेवून खडूनं आखलं. कटर हातात घेतला.

"मालक, थांबा."

गुरम्मा उभी राहिली होती. तिचा हात अजून मशिनीच्या चाकावर होता. "ते काळं हाय."

एकेक मशीन बंद होत गेली. सिद्रामप्पांच्या छातीतून राग सवयीनं वर निघाला. आपण स्वतः आणलेलं थान, आपल्या हातानं, आणि ही सगळ्यांदेखत सांगते. बायका त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मग थानाचं टोक धरून दाराशी गेले आणि उन्हात बघितलं.

"काळंच हाय," ते मोठ्यानं म्हणाले. "मीच चुकीचं आणलं." मग गुरम्माकडे वळून म्हणाले, "बरं झालं बोललीस."

गुरम्मा खाली बसली. हिंदुरावनं कटर टेबलावर ठेवला. सिद्रामप्पांना वाटलं, हा पुन्हा निघाला. पण तो तिथंच उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

"मालक, मला दोन वरसं झाली, काळं आन् निळं कळत न्हाय. डोळं धुरकाटल्यात. थानाला चिठ्ठी आसती, तीवरनं चालवत हुतो. परवा चिठ्ठी गळून पडली हुती. आज बी न्हाय." तो थांबला. "सांगितलं आसतं तर टेबल गेलं आसतं. मला दुसरं काय येत न्हाय."

सिद्रामप्पा त्याच्याकडे बघत राहिले. त्यांच्या खुर्चीपासून चार पावलांवर हा माणूस दोन वर्षं भीत उभा होता, आणि अंदाजानं कापत होता, आणि तरी इतकं बिनचूक. केवढी छाती लागली असेल रोज त्या कटरला हात घालायला. त्यांचे डोळे भरून आले, आणि ते पुसायचं त्यांना भान राहिलं नाही.

"सीझन झाला की डोळं दाखवून आणू," ते म्हणाले. "गुरम्मा, तुझं मशीन टेबलापाशी घे."

चौघींनी मशीन उचलून टेबलाला लावलं. सिद्रामप्पांनी दुसरं थान आणलं आणि सोडलं. हिंदुरावनं थर लावले, आखलं, आणि कटर धरून गुरम्माकडे वळला.

"ह्ये कंचं?"

"निळं," गुरम्मा म्हणाली.

हिंदुरावनं नजर वर करून सिद्रामप्पांकडे बघितलं. इतक्या वर्षांची सवय होती ती.

"माझ्याकडं काय बघतोस," सिद्रामप्पा म्हणाले. "ती सांगतीय की."

हिंदुरावनं कटर चालू केला.