थोरलीचा प्लग

छापखान्याच्या तिसऱ्या मजल्यावरच्या थंड खोलीत ताई शिरली तेव्हा दीड वाजला होता, आणि तिच्या जिवाला दोन घोर लागले होते. एक थोरलीचा. दुसरा तीनच्या आत द्यायच्या उत्तराचा.

आधी थोरलीचं सांगायला हवं. थोरली म्हणजे कोणी बाई नव्हे. रॅकच्या तळाशी बसवलेला, धुळीने राखाडी झालेला तो एक नेटवर्क स्विच. इमारतीतल्या कॉम्प्युटरांच्या, मशिनींच्या, फोनच्या, दारांच्या वायरी अशा स्विचांमध्ये येतात आणि एकाचा निरोप दुसऱ्याला पोचवायचं काम ते बिनबोभाट करतात. छापखान्यात असे नऊ होते. एक वायर तुटली तर काम अडू नये म्हणून त्यांच्यामध्ये दुहेरी वायरी टाकलेल्या. पण दोन्ही वाटा एकदम उघड्या राहिल्या की निरोप गोल गोल फिरत बसतो, एकाचे हजार होतात आणि सगळ्यांचाच श्वास कोंडतो. म्हणून स्विच आपापसांत एक मुख्य नेमतात, त्याच्याकडे जाणारी एकेकच वाट चालू ठेवतात आणि बाकीच्या झाकून टाकतात. या व्यवस्थेला स्पॅनिंग ट्री म्हणतात. मुख्य कोण, हे माणसाने आकडा भरून ठरवायचं असतं. आकडा जितका लहान तितका मान मोठा. कोणी काहीच भरलं नाही तर कारखान्यात मिळालेल्या क्रमांकावर निवड होते, आणि तो क्रमांक बहुतेक वेळा सगळ्यांत जुन्याचाच लहान असतो.

छापखान्यात कोणी काही भरलं नव्हतं. त्यामुळे इतकी वर्षं सगळा भार सगळ्यांत म्हाताऱ्या, सगळ्यांत मंद डब्यावर पडला होता. त्याची लायकी बघून नव्हे, तर कोणी लक्षच दिलं नाही म्हणून.

ताईच्या घरी तरी काय निराळं होतं म्हणा. एकोणीस वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा ताई चोवीस वर्षांची होती, छापखान्यात नुकतीच लागलेली, आणि भाऊ बारावीला. घर कोणी चालवायचं हे कोणी ठरवलं नाही, ते आपसूक तिच्या गळ्यात पडलं. आता भावाचं लग्न होऊन सात वर्षं झाली होती, तरी गॅसवाला आला की फोन ताईला, पाहुणे आले की फोन ताईला. बाबांच्या गोळ्यांचा डबा तिने लावलेला, त्यामुळे रोज दुपारी दोनच्या सुमारास भावाचा ठरलेला फोन: "ताई, बाबांची दुपारची गोळी कोणती गं?" घरी ती ताई, छापखान्यातही ताई. तिचं खरं नाव पगाराच्या कागदावर तेवढं उरलं होतं.

आणि आता हे उत्तर. कंपनी दुसऱ्या शहरात नवा छापखाना उभारत होती. तिथलं नेटवर्क पहिल्या वायरीपासून उभं करायला ताईला बोलावत होते. पूर्वी दोनदा तिने नाही म्हटलं होतं. या खेपेला तिथल्या व्यवस्थापक बाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, "आज तीनपर्यंत कळवा, नाहीतर आम्ही बाहेरून माणूस घेतो. पुन्हा विचारणार नाही." जायची इच्छा इतकी होती की आठवडाभर तिला धड जेवण गेलं नव्हतं. पण बाबांचं काय, हा प्रश्न आला की घोडं तिथेच अडायचं. शेवटी जिना चढता चढता तिने मोबाइलवर लिहिलं, "क्षमस्व, या वेळीही जमणार नाही," आणि खोलीत पाऊल टाकताना पाठवायचं बटण दाबलं. मागे दार लागलं. त्या खोलीत मोबाइलला रेंज नसते, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक? तरी दाबलं. निरोपाशेजारी एक बारीक चक्र फिरत राहिलं.

तिने मोबाइल उपडा ठेवला आणि कामाला लागली. नवा स्विच सकाळीच बसवला होता, दाराची वायरही त्यात हलवली होती. आता मान थोरलीकडून काढून नव्याला द्यायचा. ताईने लॅपटॉपवर नव्याला लहान आकडा दिला. मग थोरलीत कधीकाळी कोणी काही भरून ठेवलं असलंच तर ते पुसावं म्हणून तिची ओळ लिहायला घेतली. अशी ओळ 'नो'ने सुरू होते आणि कोणती गोष्ट पुसायची ते शेवटच्या शब्दात येतं. तो शब्द लिहायच्या आतच टेबलावरचा फोन खणखणला. खालचा प्लेटवाला होता. छपाईच्या प्लेटा बनवण्यात त्याची हयात गेली होती, आणि धीर त्याच्या वाटेलाच गेला नव्हता.

"ताई, अजून किती वेळ?"

"झालंच," म्हणत ताईने सवयीने एंटर दाबलं.

अर्धीच ओळ गेली. आकडा पुसण्याऐवजी थोरलीची स्पॅनिंग ट्रीच पुसली गेली. झाकलेली वाट उघडली. क्षणभर काही झालं नाही, मग सगळ्या स्विचांचे हिरवे दिवे एका तालात लुकलुकायला लागले. कानाला लावलेला फोन बोलता बोलता मुका झाला. लॅपटॉप गोठला. खालून येणारी मशिनींची घरघर एकेक करून थांबली. ताईचं धाबं दणाणलं. एकोणीस वर्षांत इतकी शांतता तिने ऐकली नव्हती.

लॅपटॉपही त्याच नेटवर्कवरून थोरलीशी बोलत होता, म्हणजे सुधारायची वाट बंद. थेट जोडायची केबल दुसऱ्या मजल्यावर, तिच्या खणात. ती आणायला ताई उठली, दाराच्या यंत्रावर कार्ड टेकवलं. लाल दिवा. पुन्हा टेकवलं. लाल. दारसुद्धा कार्ड ओळखायला त्याच नेटवर्कला विचारत होतं. बाहेर पडायचं साधं बटण पावसाळ्याआधीच बिघडलं होतं. तिने तीनदा तक्रार लिहिली होती आणि तिन्ही तक्रारी नीट फाइलला लागल्या होत्या.

मग तिला किल्लीची आठवण झाली. अडीअडचणीची किल्ली कोणी उचलून नेऊ नये म्हणून तिनेच ती याच खोलीत खिळ्याला टांगली होती. किल्ली आत, कुलपाचं भोक बाहेर. स्वतःच्या अकलेची तिला इतकी लाज वाटली की ती एकटीच हसली.

दारावर थापा पडल्या. "ताई, आत आहात का? सगळ्या मशिनी झोपल्या."

"आहे. अडकलेय. तुमचं कार्ड लावून बघा."

"लावलं. लाल आहे. किल्ली कुठंय?"

"माझ्याकडे."

बाहेरून खोकल्यासारखा आवाज आला. प्लेटवाला हसू दाबत असणार.

"दाराखालून सरकवा की."

ताईने वाकून पाहिलं. एसीचा गारवा जाऊ नये म्हणून दाराच्या तळाला जाड रबरी पट्टी ठोकलेली होती. तीही तिनेच ठोकून घेतलेली, मिस्त्रीच्या मागे उभं राहून. किल्ली काही जाईना.

"मिस्त्रीला आणतो," प्लेटवाला म्हणाला. "पण तो चारशिवाय उगवायचा नाही. ताई, मी म्हणतो, त्या थोरलीला एकदा बंदच करा ना."

"तिच्यावरच सगळं चाललंय. ती बंद केली तर सगळं बसेल."

"आत्ता काय चाललंय?" प्लेटवाल्याने विचारलं, आणि पायऱ्या उतरून गेलासुद्धा. माझ्या घरी एक फोन करा, हे सांगायला ताईने तोंड उघडलं तेव्हा त्याची पावलंही ऐकू येत नव्हती.

दोन वाजून पाच मिनिटं झाली होती. आता घरून फोन येईल. लागणार नाही. पुन्हा करतील. बाबा डबा घेऊन बसले असतील. दुपारची पांढरी आणि रात्रीची निळी. चुकून निळी घेतली तर चक्कर येऊन पडायचे. ताईचा जीव टांगणीला लागला. ती रॅकच्या मागे शिरली आणि गुडघ्यांवर बसून ती उघडी पडलेली वायर शोधायला लागली. प्रत्येक वायरीला तिने स्वतः लिहून चिठ्ठी चिकटवली होती. पण डिंक वाळून चिठ्ठ्या गळाल्या होत्या आणि खाली पाचोळ्यासारख्या पडल्या होत्या. तिने एक वायर उपसली, वाट पाहिली, परत लावली. दुसरी उपसली. दिवे तसेच. थंडीने बोटं बधिर झाली आणि नाक वाहायला लागलं. चार भिंती, एक बंद दार, आणि पलीकडे आपल्यावाचून अडलेली सगळी माणसं. तिला वाटलं, आपण आज दुपारी अडकलो नाही, फार आधीपासून अडकलोय, दार तेवढं आज दिसलं. मग ती खरंच रडली, रॅकला कपाळ टेकून, आवाज न करता. ऐकणारं कोणी नव्हतं तरी आवाज न करता रडायची तिला सवय होती.

डोळे पुसले तेव्हा थोरलीचा प्लग समोरच होता. काळा, कोपरा उडालेला. तो ओढायचा विचार तिच्या मनात यापूर्वीही आला होता, पण प्रत्येक वेळी वाटायचं, पुन्हा चालू झालीच नाही तर? आता प्लेटवाल्याचा प्रश्न डोक्यात घोळत होता. आत्ता काय चाललंय?

दोन चाळीसला तिने प्लग ओढला.

थोरलीचा पंखा घरघरत मंदावला आणि थांबला. बाकीचे दिवे एकदम केशरी झाले. ताईने घड्याळाकडे डोळे लावले. जुनी वाट गेली हे कळायला आणि नवी धरायला यांना पन्नास सेकंद लागतात, हे तिने पुस्तकात वाचलं होतं, कधी पाहिलं नव्हतं. तीस. चाळीस. आणि मग एकेक करून दिवे हिरवे होत गेले, शांतपणे, आपापल्या चालीने. वर्षानुवर्षं झाकून ठेवलेल्या दुसऱ्या वायरींनी काम उचललं होतं. खाली एक मशीन घरघरलं, मग दुसरं. थोरलीवरच्या पाच-सात वायरी तेवढ्या मुक्या राहिल्या. त्या तिने नव्यात खोचल्या. दाराच्या यंत्रावर हिरवा ठिपका आला.

ताई दाराकडे गेली नाही.

दाराबाहेर रेंज होती. बाहेर पाय ठेवला की तो निरोप आपोआप सुटणार होता, आणि पाठोपाठ घरचे फोन. तिने मोबाइल उचलला. चक्र अजून फिरतच होतं. घरी काय झालं असेल, बाबांनी कोणती गोळी घेतली असेल, तिला काही म्हणजे काही माहीत नव्हतं.  तिने निरोप पुसून टाकला. मग भिंतीवरच्या यादीत बघून टेबलावरच्या फोनवरून नव्या छापखान्याच्या बाईंचा नंबर फिरवला.

"मी येते," ती म्हणाली. "एक तारखेपासून."

"घरी विचारलंत ना?" बाईंनी काळजीने विचारलं.

"नाही. सांगेन."

तीनला सात मिनिटं कमी असताना ताई बाहेर आली. मोबाइल हातात थरथरायला लागला. भावाचे नऊ चुकलेले फोन. मग त्याचे निरोप: "ताई, कोणती गोळी?" "ताई, कुठे आहेस?" "घाबरवू नकोस." आणि शेवटचा, कधीच काही न लिहिणाऱ्या बाबांचा: "पांढरी. घेतली." पहिला फोन दोन सातचा. बाबांचा निरोप दोन अठराचा. अकरा मिनिटं. ती भिंतीला टेकली. आधी सुटल्यासारखं वाटलं आणि मग फार लागलं. एवढ्या अकरा मिनिटांसाठी आपण एकोणीस वर्षं जागचे हललो नाही.

तेवढ्यात फोन वाजला. बाबाच.

"काय गं, कुठे होतीस?"

"खोलीत अडकले होते. बाबा, गोळी पांढरी हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी कशाला सांगायला हवं? पहिल्यापासून माहीत आहे मला."

"मग रोज दुपारी मला फोन करायला का लावायचात?"

पलीकडे बाबा खाकरले. "तो फोन स्पीकरवर लावतो, तेवढाच तुझा आवाज कानावर पडायचा. संध्याकाळी दमून येतेस, बोलत नाहीस."

ताईने मान वर केली. कॉरिडॉरच्या टोकाकडून प्लेटवाला मिस्त्रीला ओढत आणत होता. मिस्त्रीच्या खांद्यावर हातोडा होता आणि दार सताड उघडं बघून तो चिडला होता.

"बाबा," ती म्हणाली, "उद्यापासून दोन वाजता फोन मी करीन. आणि एक तारखेनंतर तिथून करीन."

"तिथून म्हणजे कुठून?"

ताईने डोळे मिटले आणि सांगायला सुरुवात केली.