घंटेवाल्याची लेक

“बूट काढू नकोस,” खेळाच्या मॅडम म्हणाल्या. “अजून पळावं लागेल.”

टिटवीने सोडलेली नाडी तशीच हातात धरली. मैदानाच्या कडेला, फक्कीने आखलेल्या पांढऱ्या रेघेला लागून ती मातीत बसली होती. मान वर करावीशी वाटत नव्हती, त्यामुळे माणसांचे नुसते पाय दिसत होते. चपला, बूट, कुणाचा तरी अनवाणी पाय.

“आता?” तिने विचारलं.

“आता नाही गं, उद्या सकाळी. पंचांकडे तक्रार केलीये मी. घंटा एक फेरी आधी वाजली, हे बहिरासुद्धा सांगेल. शर्यत पुन्हा घ्यायला लावते की नाही बघ. तू एवढंच म्हणायचं, घंटा ऐकली म्हणून मी सगळा जोर काढला. एक वाक्य. येईल ना?”

टिटवीने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, तिचं तिलाच कळलं नाही.

घंटा तिच्या बाबांनी वाजवली होती.

तिचे बाबा या शाळेत शिपाई. झाडणं, पाणी भरणं, खडू पोचवणं ही कामं चौघांत वाटलेली; घंटा मात्र त्यांच्या एकट्याची. व्हरांड्याच्या तुळईला थाळीएवढी पितळी घंटा टांगलेली होती आणि लाकडी हातोडा त्यांच्या हाताला असा सरावलेला की दुसऱ्या कुणी मारला तर घंटा खोकल्यासारखी वाजे. आसपासची घरं त्या टोलावर चालत. दूध तापवणारी बाई, दुकानाची फळी काढणारा न्हावी, औषध घेणारे म्हातारे, कुणीच घड्याळाकडे बघत नसे. शेजारची आजी म्हणायची, “सूर्य एखादवेळी ढगात अडकेल, पण हा माणूस नाही अडकायचा.”

धाकट्यांचे वर्ग मैदानापलीकडच्या इमारतीत भरत. तिथे एक लहान घंटा होती, पण ती वाजवायला वेगळा माणूस नव्हता. टिटवी दुसरीत गेली तेव्हापासून ते काम तिच्याकडे आलं. बाबांनी मोठ्या घंटेवर हातोडा टाकला की इकडून सुटायचं, मैदान कापत जायचं आणि मोठीचा घुमारा हवेत विरायच्या आत धाकटीवर टोल द्यायचा. घुमारा मागे, पोर पुढे. एखाद्या दिवशी घुमारा आधी विरला तर बाबा मैदानाच्या त्या टोकावरून हात हलवून चिडवायचे. बारीक पायांवर मान पुढे काढून पळणारी ती पोर बघून कुणीतरी ‘टिटवी’ म्हणालं, आणि तेच नाव अंगाला चिकटलं. वर्गांच्या खिडक्यांतून मुलं ओरडायची,

टिटवी टिटवी, उचल पाय,
घंटा म्हणते, निजलीस काय?

तिथूनच मॅडमनी तिला उचललं. पहिल्या वर्षी लहान गटात ती दुसऱ्या मुलीच्या जुन्या बुटांत कापूस कोंबून पळाली आणि पहिली आली. मग मधला गट आला, मग मोठा. थंडीच्या दिवसांत रानातल्या लांब शर्यती असत. नांगरलेली ढेकळं, काटेरी कुंपणातली फट, घोटाभर पाणी, छातीवर येणारा चढ. त्या शर्यतींना फेऱ्या नसत. फक्त पुढच्या मुलीची वेणी असे. ती गाठली की तिच्या पुढची वेणी. चिखलाने मोजे पायाला घट्ट बसत आणि घरी आल्यावर आई ते उलटे करून आधी बादलीत झटके. “एवढी माती आणलीस तर निदान कुंडी तरी भरू दे,” म्हणे.

उन्हाळ्यात मैदानावरच्या शर्यती. दरवर्षी रेघेवर उभ्या राहणाऱ्या मुली कमी होत गेल्या. एकीच्या गळ्यात घरची कामं पडली, एकीच्या वडिलांची बदली झाली, एकीला नुसताच कंटाळा आला. टिटवी उरली. पहिल्या पहिल्या शर्यतींत जिंकल्यावर छातीत जे काही उड्या मारायचं, ते कधीतरी वाटेतच गळून गेलं, बुटातून खडा पडावा तसं. ते शोधायलाही तिला सुचलं नाही. पाय पळत होते, म्हणून ती पळत होती. एका बक्षीस समारंभात पाहुण्यांनी विचारलं होतं, “जिंकल्यावर काय वाटतं, बाळ?”

“तहान लागते.”

सगळा मंडप हसला. तिला हसू आलं नाही. तहान खरोखरच लागली होती.

तरी एक गोष्ट तिला हवी होती. लांबच्या शहरात धावपटू मुलींचं वसतिगृह होतं. तिथे राहायचं, शिकायचं, पळायचं. आजच्या शर्यतीतल्या पहिल्या दोघींना तिथे जागा मिळणार होती, आणि पुढच्या वर्षी टिटवी वयात बसणार नव्हती. आई इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी उकळायची. तिच्या बोटांची कातडी बारा महिने पांढरी, सुरकुतलेली असायची. “जा बाई,” ती म्हणायची. “इथे राहिलीस तर माझ्यासारखी वाफेवर शिजशील.”  वसतिगृहातल्या प्रत्येक खोलीला खिडकी आहे, असं मॅडम एकदा बोलता बोलता म्हणाल्या होत्या, आणि ती खिडकी टिटवीच्या मनात उघडी राहिली होती.

यंदा शर्यती यांच्याच शाळेच्या मैदानावर भरल्या. मग शेवटच्या फेरीची घंटा आणखी कुणाकडे जाणार? बाबांनी ती तुळईवरून उतरवली, राखेने घासली आणि रेघेजवळच्या खांबाला टांगली.

“उद्या तुझ्यासाठी वाजवणार बघ,” ते म्हणाले होते.

“सगळ्यांसाठी, बाबा.”

“ते आहेच गं.”

काम साधं होतं. किती फेऱ्या राहिल्या ते एक सर पाटीवर दाखवणार. पाटीवर एकचा आकडा आला की सगळ्यांत पुढची मुलगी समोरून जाताना बाबांनी टोल द्यायचा.

निम्म्याहून जास्त शर्यत टिटवी दुसरी होती, बाहेरच्या शाळेतल्या एका उंच मुलीच्या पाठीला चिकटून. मग वळणावर तिने तिला मागे टाकलं आणि समोरच्या सरळ पट्ट्यावर ती एकटी पुढे निघून आली. बाबांनी लेकीला बघितलं. पाटीकडे बघायचं राहिलं. हात आपसूक वर गेला आणि हातोडा पडला.

पाटीवर दोन होते. टिटवीच्या मनातही दोनच होते. पाय म्हणाले, दोन. घंटा म्हणाली, एक. घंटा चुकली असा एकही दिवस तिने जन्मात बघितला नव्हता. म्हणजे मीच चुकले, असं तिला वाटलं. मान वळवून पाटीकडे बघण्याचंही तिच्या मनात आलं नाही. उरलंसुरलं होतं ते सगळं तिने त्या फेरीत ओतलं. कडेने माणसं ओरडत होती. पण शर्यतीत माणसं ओरडतातच. उंच मुलगीही घंटेसरशी उसळली होती, पण तिचे सर घसा फोडून सांगत होते, “पाटी बघ! दोन आहेत, दोन!” ती सावरली.

टिटवी रेघ ओलांडून थांबली. गुडघ्यांवर हात टेकले. टाळ्या कशा नाहीत, एवढंच तिच्या डोक्यात आलं.

“पळ! अगं पळ, अजून एक आहे!”

तिने मान वर केली तेव्हा बाबा दिसले. त्यांनी दोन्ही तळहात घंटेवर दाबून धरले होते, वाजलेलं परत आत ढकलता येत असल्यासारखे. खरी घंटा द्यायची ती हीच वेळ होती, आणि ती वाजली नाही. उंच मुलगी बाजूने गेली. मग दुसरी, तिसरी, मग एकामागून एक वेण्याच वेण्या. टिटवी पुन्हा निघाली, पण खाली चालत होते ते पाय दुसऱ्या कुणाचे तरी होते. ती शेवटून तिसरी आली.

मंडपात मॅडमनी तिला दंडाला धरून पंचांसमोर उभं केलं. पंच म्हातारे होते, गळ्यात शिट्टी, टोपी मांडीवर. शेजारच्या खुर्चीत हेडसर. मंडपाच्या खांबापाशी बाबा उभे होते, हातोडा अजून हातातच.

“घंटा चुकली हे मला मान्य आहे,” पंच म्हणाले. “पण बाकीच्या मुलींनी पाटी बघितली. आता ही जर म्हणत असेल की घंटेमुळे माझी फसगत झाली, तर मी उद्या शर्यत परत घेतो. मात्र मग कारण लिहावं लागेल. शाळा कोणती, घंटा कुणाच्या हातात होती, सगळं वरपर्यंत जाईल. आणि ही तसं म्हणत नसेल तर विषय संपला.”

हेडसर खाकरले. बाबांकडे न बघता बाबांनाच म्हणाले, “शाळेचं नाव वर गेलं तर मग मला ते खोकं उघडावं लागेल हं. माझा इलाज नाही.”

त्या खोक्यात विजेची घंटा होती. वर्षभर ते हेडसरांच्या टेबलाखाली पडून होतं आणि बाबा रोज सकाळी त्याच्या कडेकडेने केर काढत. “तुमचा टोल चुकत नाही तोवर राहू दे खोक्यातच. नाहीतर तुम्ही आहात आणि बागेतली झारी आहे,” असं हेडसर गमतीने म्हणायचे. बाबाही गमतीत हसायचे. त्या दिवशी घरी मात्र अर्धी भाकरी ताटात उरायची.

“सांग,” पंच म्हणाले. “घाबरू नकोस. घंटा ऐकून पळालीस ना?”

टिटवीने बाबांकडे बघितलं.

बाबा हातोड्याकडे बघत होते. त्यांचे ओठ उघडले. ते काहीतरी बोलतील म्हणून ती थांबली. मॅडम थांबल्या, पंचही थांबले. बाहेर कुणीतरी खुर्च्या एकात एक घालत होतं, त्याचा खडखडाट तेवढा येत होता. बाबांचे ओठ मिटले. अंगठा हातोड्याच्या दांड्यावरून वर गेला, खाली आला, वर गेला.

राग यायला हवा होता. रडू तरी यायला हवं होतं. टिटवीने पोटात चाचपून बघितलं, तिथे काहीच नव्हतं. सामान हलवलेल्या खोलीसारखं सगळं झाडलेलं, मोकळं.

“मला घंटा ऐकू आली नाही,” ती म्हणाली.

“काय?” मॅडमनी तिचा दंड सोडला.

“ऐकूच आली नाही. फेऱ्या मोजायला चुकले मी.”

“कान फुटले का तुझे? अगं, त्या टोलाने मंडपामागचं झोपलेलं कुत्रं उठून पळालं!”

“त्याला आली असेल.”

कुणीतरी फिस्सकन हसलं. पंचांनी चष्मा काढला, तिच्याकडे बघितलं, खांबाकडे बघितलं, पुन्हा तिच्याकडे बघितलं.

“नक्की?”

“नक्की.”

“बरं.” त्यांनी टोपी डोक्यावर चढवली. “हेडसर, चहा सांगा. घसा कोरडा पडला.”

मॅडम तिच्याजवळ उभ्याच राहिल्या. “इतकी वर्षं गं,” त्या म्हणाल्या. “इतकी वर्षं मी तुझ्यामागे...” त्या तरातरा निघून गेल्या. थोड्या वेळाने परत आल्या, पाण्याची बाटली तिच्या शेजारी ठेवली आणि पुन्हा गेल्या. टिटवीने सगळं पाणी पिऊन टाकलं.

बाबांनी घंटा रेघेजवळच्या खांबावरून सोडवून तुळईला टांगली. शिडी जागेवर ठेवली, व्हरांडा झाडला, कालच झाडलेला मागचा वर्गही झाडला. मग बापलेक घरी निघाले.

एरवी बाबा पुढे असायचे. लांब टांगा टाकत, मागे न बघता बोलत राहायचे, आणि शर्यत झालेली असली तरी टिटवीला त्यांना गाठायला पळावं लागायचं. “तुला पळायला मी शिकवलं, मॅडमनी फक्त बूट दिले,” हा त्यांचा रस्त्यातला ठरलेला विनोद. आज ते मागे होते. त्यांच्या चपलांचा फटफट आवाज तिला येत होता.

सायकल दुरुस्तीच्या दुकानाबाहेर मेकॅनिक चाक फिरवत बसला होता. “काय टिटवे, आज कितवी?”

“शेवटून तिसरी.”

“हात्तिच्या! मग यादी उलटी धरायला सांगायची होतीस!”

ती किंचित हसली, कारण हसायला हवं होतं. बाबा येऊन बरोबर होतील म्हणून पुढे ती हळू चालू लागली. मागच्या चपलाही हळू झाल्या. तिने पाऊल उचललं, चपलांनी उचललं. ती पुन्हा रेंगाळली, चपला रेंगाळल्या. पिठाच्या गिरणीजवळ रस्ता वळतो तिथे ती सरळ उभीच राहिली आणि वळून बघितलं.

बाबाही उभे राहिले होते. तिने बघितलं तसे ते खाली वाकले आणि चपलेचा अंगठा नीट करू लागले. अंगठा चांगला शाबूत होता.

“बाबा, चला ना.”

“तू हो पुढे,” ते खाली बघतच म्हणाले. “आलोच मी.”

ती गेली नाही. त्यांच्या मधून एक सायकल गेली, मग डोक्यावर पिठाचा डबा घेतलेली एक बाई गेली. पीठ थोडं थोडं रस्त्यावर सांडत होतं. बाबा अजून वाकलेलेच होते.