कोऱ्या अर्जांवरच्या सह्या

आमच्या फौंड्रीत रजेचा अर्ज कुणी रजेच्या वेळी लिहीत नाही. जानेवारीत एकदाच सगळे कामगार दहा-दहा कोऱ्या अर्जांवर सह्या करून माझ्याकडे देतात. भट्टी पेटलेली असताना काळ्या हातांनी कागद कोण धरणार? पुढं वर्षभर नुसता निरोप येतो, "प्राचीताई, परवाची रजा टाका की," आणि तारीख मी भरते. टाइम ऑफिसात चौदा वर्षं हेच चाललंय. विश्वास म्हणा, नाहीतर आळस म्हणा.

गेल्या महिन्यात ऑर्डरी आटल्या आणि कंपनीनं पंधरा दिवस ले-ऑफ दिला. काम बंद, पगार अर्धा. तरी रोज सकाळी गेटवर येऊन वहीत सही करायचीच. हुपरी, वडगावहून पदरचं पेट्रोल जाळत बेचाळीस माणसं रोज आली.

काम सुरू झाल्यावर, शुक्रवारी दुपारी मॅनेजर विश्वजितसाहेब माझ्या टेबलाशी आले. "ते पंधरा दिवस सगळ्यांच्या हक्काच्या रजेत दाखवायचे, म्हणजे ले-ऑफचे पैसे वेगळे द्यायला नकोत. कोरे अर्ज आहेत ना तुमच्याकडे? चारपर्यंत तारखा भरून द्या."

"साहेब, माणसं रोज गेटवर येत होती."

"ती वही कोण बघतंय?"

मी कपाट उघडलं. वरच केरबाचे अर्ज होते. केरबा आमचा मोल्डर. त्याच्या बायकोचं, ललिताचं, सोमवारी गर्भपिशवीचं ऑपरेशन. घरात दोघंच. डॉक्टरांनी बजावलेलं, पंधरा दिवस तिला कळशीसुद्धा उचलू द्यायची नाही. त्यासाठी ह्या बाबानं अंगात ताप असताना साचे भरले, पण रजा मोडली नाही. अठरा दिवस साठवले होते. आता उरणार तीन.

खोटं कशाला सांगू, मी पेन उचललं आणि त्याच्या अर्जावर तारखेचा पहिला आकडा लिहिलासुद्धा. मलाही घर आहे. आपण बरं, आपलं काम बरं. मग खाली त्याची वाकडीतिकडी सही दिसली आणि माझीच मला किळस आली.

साडेतीनला सुट्टी झाली. गठ्ठा छातीशी धरून मी गेट गाठलं आणि ज्याचे अर्ज त्याच्या हातात द्यायला लागले.

"हे काय वो, ताई?" केरबानं विचारलं. मी सगळं सांगून टाकलं. एकदम गलका उठला.

"आमच्याच सहीनं आमचाच गळा कापताय व्हय!" भट्टीवरचा तवनाप्पा ओरडला.

विश्वजितसाहेब धावत बाहेर आले. "मॅडम, अर्ज गोळा करा आधी!"

कुणी हललं नाही. मीही नाही.

केरबानं माझ्या हातातलं पेन घेतलं. मी आकडा घातलेला अर्ज त्यानं फाडला, दुसरा भिंतीवर धरला आणि एकेक अक्षर दाबून लिहिलं. मग तो साहेबांपुढं नेला.

"सोमवारपास्नं पंधरा दिस. मंजूर करा. नसंल करायचं तर ह्या समद्यांसमोर न्हाय म्हणा."

साहेब त्या बेचाळीस तोंडांकडे बघत राहिले. शेवटी त्यांनी खिशातून पेन काढून सही केली.

"तुम्ही आत या," माझ्याकडे न बघता ते म्हणाले.

केरबानं अर्ज नोंदीसाठी माझ्याकडे दिला. कारणाच्या रकान्यात मी चौदा वर्षं त्याच्या नावानं 'घरगुती काम' एवढंच लिहीत आले होते. त्यानं लिहिलं होतं, 'ललिताचं पोट फाडणार हायत. तिच्याजवळ मी पायजे.'