धोळासरच्या खानावळीची गिऱ्हाइके

सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरील धोळासर या गावी गिधाडांसाठी जेवढे दान झाले, तेवढे त्या जिल्ह्यात दुसरीकडे कोठेही झाले नाही. आणि गिधाडे सर्वांत झपाट्याने मेली तीही धोळासरलाच.

दान करणाऱ्याचे नाव कीर्तिकांत वोरा. सुरतेत जरीचा धंदा उभा करून, तो मुलांच्या हाती सोपवून, पासष्टी ओलांडल्यावर ते गावी परतले होते. गावच्या घरात त्यांची थोरली बहीण विमळाबेन एकटीच राहत असे. परतल्यावर पहिल्याच सकाळी कीर्तिकांतभाई गच्चीवर गेले आणि काहीतरी चुकते आहे असे त्यांना वाटू लागले. खालचे बरेच काही बदलले होते, पण चुकत होते ते खाली नव्हते. आभाळ रिकामे होते.

त्यांच्या लहानपणी ते तसे नव्हते. ऊन जरा तापले की नारळीच्या शेंड्यांवर रात्र काढलेली गिधाडे पंख झटकत, जड अंगाने चार झेपा घेत आणि मग पंख न हलवता गोल गोल वर चढत जात. त्यांच्या आई, दिवाळीबा, अंगणातून हाक मारीत, "कीर्ति, गिधाडं उठली रे! गोदड्या टाक उन्हात." घरात घड्याळ होते, पण गोदड्यांच्या बाबतीत दिवाळीबांचा भरवसा गिधाडांवर अधिक होता आणि तो रास्तही होता. जमीन तापून हवा वर चढू लागल्याशिवाय हा पक्षी उडण्याचे कष्ट घेत नाही.

वडील पांजरपोळाच्या महाजनमंडळात होते. ते म्हणत, "आपल्या गावात महाजन दोन. एक आमचं, आणि एक ते झाडावर बसलेलं. आमच्या सभेत नुसती भांडणं होतात. त्यांची सभा भरली की सांजेच्या आत काम संपतं." काम म्हणजे पांजरपोळात मेलेली गुरे. म्हातारी, लुळी, कोणी टाकून दिलेली जनावरे तेथे मरेपर्यंत सांभाळली जात. मेली की खाडीकाठच्या माळावर टाकली जात. आणि दुसऱ्या दिवशी तेथे स्वच्छ हाडांखेरीज काही उरत नसे. दुर्गंधी नाही, भटकी कुत्री नाहीत, माश्या नाहीत. गावाने या सेवेबद्दल कधी कोणाचे आभार मानल्याचे ऐकिवात नाही.

ते आभार आता मानावेत असे कीर्तिकांतभाईंनी ठरविले. त्यांच्या मते पक्षी उपासमारीने कमी झाले होते. म्हणून त्यांनी माळावर मोठे कुंपण घातले, आत पाण्याचे टाके बांधले आणि पांजरपोळात मरणारे प्रत्येक जनावर तेथेच आणून ठेवावे अशी व्यवस्था लावली. कुत्र्यांची कटकट नाही, ताजे अन्न, पिण्यास पाणी. प्रवेशद्वारी दात्याच्या नावाची संगमरवरी तकती बसली. गावाने त्या जागेला 'वोराशेठची खानावळ' असे नाव दिले. नाव विनोदाने दिले होते, तरी ते कीर्तिकांतभाईंना आवडले.

त्याच सुमारास डॉ. जाह्नवी गढवी ही पशुवैद्यक महाविद्यालयातील तरुण प्राध्यापिका त्यांना भेटायला आली होती. झोपाळ्यावर बसून तिने चहा रकाबीत ओतला आणि सरळ विषयाला हात घातला.

"काका, गुरांच्या दुखण्यावरचं डायक्लोफेनॅक नावाचं औषध गिधाडांना मारतं, हे आता सिद्ध झालंय. जनावरांसाठी त्यावर बंदी येऊनही पाच-सहा वर्षं झाली. पण त्यात पळवाट आहे. ती बुजवायची तर गांधीनगरला, मग दिल्लीला पाठपुरावा करावा लागेल. वकील हवेत, तपासण्या हव्यात. तुम्ही पाठीशी उभे राहाल?"

"बेन, मी पक्ष्यांसाठी देतो. कचेऱ्यांच्या जिन्यांसाठी नाही."

"जिना चढल्याशिवाय कायदा बदलत नाही, काका."

"आणि कायद्याने गिधाडाचं पोट भरत नाही. तुम्ही एकदा माझी खानावळ बघा." त्यांनी हसून गाठियांची बशी पुढे सरकवली. "अन् खरं सांगू? कायद्यावर तकती कुठे लावायची?"

ती हसली नाही. चहा संपवून निघून गेली.

दोन हिवाळे गेले. गिधाडे खानावळीत येत होती हे खरे. लांबलांबच्या गावांहून येत होती. पण आलेली दिसत, गेलेली दिसत नसत. मग एकेक नारळीच्या बुंध्याशी सापडू लागली. पांजरपोळाचे व्यवस्थापक वाडीलाल हे तोंडाचे तिखट होते. ते एकदा म्हणालेच, "शेठ, खानावळीत जेवण झकास आहे. फक्त गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही."

सगळे हसले. कीर्तिकांतभाईही हसले, पण त्या हसण्याचा घास त्यांच्या गळ्याखाली उतरला नाही.

गावात कारणांची वाण नव्हती. कोणी मोबाइलच्या मनोऱ्यांना दोष दिला, कोणी कपाशीवरच्या फवारणीला, कोणी उत्तरायणातल्या पतंगाच्या मांज्याला; उरलेल्यांनी कलियुगाला. कीर्तिकांतभाईंनी मात्र अन्न अजून वाढवायला सांगितले. आणि एका सकाळी त्यांच्या स्वतःच्या नारळीच्या वाडीत, घरट्याखालीच, एक गिधाड मान खाली टाकून बसलेले दिसले. कीर्तिकांतभाई जवळ गेले तरी ते उडाले नाही. दुपारपर्यंत ते मेले. वर घरट्यात त्याचे पिल्लू होते. वाडीतले ते शेवटचे घरटे होते.

त्यांनी डॉ. गढवीला फोन केला.

तिने पत्र्याच्या शेडखाली पक्षी उघडला. कीर्तिकांतभाई जैन माणूस; आयुष्यात त्यांनी असे काही पाहिले नव्हते. ते तोंड फिरवून उभे राहिले.

"काका, तुमचं म्हणणं हे उपासमारीने मेलं. असं असतं तर आत काय दिसायला हवं होतं?"

"हाडं. काटकुळं शरीर."

"मग बघा. छातीवर मांस भरपूर आहे. गळ्याच्या पिशवीत अन्न आहे. हा पक्षी भरल्या पोटी मेलाय."

ते वळले. हृदयावर, यकृतावर चुना लावावा तसा पांढरा थर बसला होता.

"हे काय?"

"मूत्रपिंड बंद पडलं की रक्तातला जो घटक बाहेर जायला हवा तो असा आत साचतो. मांजा लागून असं होत नाही. मनोऱ्याने होत नाही. फवारणीचं विषही असं दिसत नाही. असं करणारी एक गोष्ट मला माहीत आहे. पण माझ्या माहितीवर विसंबू नका. तुमच्या खानावळीतल्या गुराच्या यकृताचा तुकडा मी प्रयोगशाळेत देते. त्यात औषध सापडलं नाही, तर मी चुकले असं म्हणेन."

पुढच्या आठवड्यात तिचा फोन आला. औषध सापडले होते.

"अशक्य!" कीर्तिकांतभाई म्हणाले. "आमच्या पांजरपोळात बंदी घातलेलं औषध येत नाही. मी विचारतो ना!"

ते तडक पांजरपोळात गेले. वाडीलाल एका वृद्ध गाईच्या तोंडाशी पाण्याचे भांडे धरून बसले होते. प्रश्न ऐकून ते दुखावले.

"बंदीचं औषध? शेठ, कायद्याबाहेरची बाटली या दारातून आत आलेली नाही. या, दाखवतो." त्यांनी कपाट उघडले. आत मोठ्या बाटल्या ओळीने उभ्या होत्या. "जनावराचं औषध बंद झालं त्या दिवसापासून आपण माणसाचं आणतो! गावातल्या औषधाच्या दुकानातून. दिवाळीबांच्या नावाचा निधी आहे, तिथे हलकं कशाला? मरणाऱ्या प्रत्येक गाईला शेवटपर्यंत सुई. एकही जीव तळमळत जात नाही, शेठ. एकही!"

बाटलीवर तेच नाव होते. 'केवळ मानवी उपयोगासाठी' असेही छापले होते.

कीर्तिकांतभाई शेजारच्या गव्हाणीच्या कठड्यावर बसले. दिवाळीबांचे अखेरचे दिवस त्यांच्यापुढे उभे राहिले. आजाराने हाडांत शिरकाव केला होता. सुई टोचली की घटकाभर चेहरा निवळे. अशाच एका निवळलेल्या दुपारी त्या म्हणाल्या होत्या, "मला सुई मिळते रे. पांजरपोळातल्या त्या मुक्या जिवांना कोण देणार?" जैन घरांत 'शातेत आहात ना?' असे विचारतात. शाता म्हणजे देहाचे सुख. आईच्या तेराव्याच्या आत त्यांनी 'दिवाळीबा शाता निधी' जाहीर केला होता. आयुष्यात केलेले सर्वांत शुद्ध काम म्हणून ते याच निधीकडे पाहत आले होते.

घरी येऊन त्यांनी विमळाबेनना सांगितले, "मोटीबेन, सुई थांबवावी लागेल."

विमळाबेन मेथी निवडत होत्या. "कोणती सुई?"

"बाच्या नावाची."

"डोकं फिरलंय का तुझं? ती गाय तळमळू दे, अन् तुझं गिधाड जगू दे? मढं खाणाऱ्या पाखरासाठी बाचं नाव पुसणार?"

"नाव पुसत नाही. औषध बदलतो. मेलॉक्सिकॅम म्हणून दुसरं आहे, गाईचं दुखणं तेही कमी करतं. गिधाडांना देऊन तपासलंय, त्यांना बाधत नाही. डॉक्टरबेन म्हणतात, महाग पडेल, एवढंच."

"मग गुपचूप बदल की! मला कशाला सांगतोस?"

"कारण गुपचूप बदलून फक्त आपलं कपाट सुधारेल. जिल्ह्यात पांजरपोळं किती आहेत? सगळ्यांनी हेच केलंय, सगळ्यांनी दयेपोटीच केलंय. पुढच्या महिन्यात गांधीनगरला बैठक आहे. माणसाचं हे औषध मोठ्या बाटलीत विकू नये, असा प्रस्ताव आहे. औषधवाले म्हणणार, ते गुरांना कोणी देतच नाही. 'आम्ही दिलं' असं सांगणारा कोणीतरी हवा."

विमळाबेनचे हात थांबले. मग त्यांनी मेथीच्या काड्या बाजूला सारल्या.

"संवत्सरीला आपण काय म्हणतो, कीर्ति? चौऱ्याऐंशी लक्ष योनींतल्या जिवांना मी दुखवलं असेल तर क्षमा. त्यात 'मढं खाणारे सोडून' असं कुठे म्हटलंय?" त्यांनी पदराने डोळे टिपले. "बा असती तर तिनं आधी तुझ्या पाठीत धपाटा घातला असता. आणि मग म्हणाली असती, आतापर्यंत गेला का नाहीस? जा! अन् जाताना थेपले घेऊन जा, तिकडचं खाणं तुला सोसत नाही."

गांधीनगरच्या बैठकीत अपेक्षेप्रमाणे औषध विक्रेत्यांचे प्रतिनिधी बोलले. औषध माणसांचे आहे. बाटलीवर तसे छापले आहे. गुरांना ते दिले जाते याला पुरावा नाही. मग डॉ. गढवीने एकच प्रश्न विचारला, "माणसाला एका वेळी लागतं त्याच्या दहापट औषध मावेल एवढी बाटली तुम्ही कोणत्या माणसासाठी भरता?" सभागृहात हशा पिकला, पण तो पुराव्याच्या जागी चालणारा नव्हता. पुरावा तिच्या शेजारच्या खुर्चीत पांढरी टोपी घालून बसला होता.

त्या बैठकीत काही मंजूर झाले नाही. सरकारी गाडा त्या दिशेने वळायला पुढे काही वर्षे लागली, आणि त्या वर्षांचा खर्च बव्हंशी कीर्तिकांतभाईंनी सोसला. त्या खर्चाची तकती कोठेही नाही. वाडीतले पिल्लू जगले. उरलेल्या पालकाने ते एकट्याने वाढवले. त्याने सारे आभाळ भरेल असे मात्र नाही. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते. दिवाळीबांच्या अंगणावरचे ते आभाळ पुन्हा पाहायला कीर्तिकांतभाईंना आणखी एक आयुष्य लागेल, आणि हे त्यांना ठाऊक आहे.

आपल्यापैकी जे जे देतात, मग मूठभर देवोत की पोतेभर, त्यांनी हे ध्यानात घ्यावे. हेतू शुद्ध असला म्हणजे परिणाम तपासण्यातून सुटका होत नाही. दान ज्या हातात ठेवले तेथे ते थांबत नाही. ते पुढे कोणाच्या पोटात जाते हे पाहणे हे दात्याचेच काम आहे. आणि एका गावाची चूक एक दाता सुधारू शकतो, हजार गावांची चूक कायदाच सुधारू शकतो. म्हणून त्या जिन्यांसाठी दिलेले दानही दानच होय.

त्या दिवशी अध्यक्षांनी चष्मा काढून विचारले होते, "वोरासाहेब, आपल्या गावची गिधाडे कशाने मेली असे आपले म्हणणे आहे? नोंदीसाठी थोडक्यात सांगा."

कीर्तिकांतभाई उभे राहिले.

"साहेब, मरणाऱ्या गाईला वेदना होऊ नयेत म्हणून आम्ही तिला हे औषध टोचलं. ते तिच्या मांसात राहिलं. गिधाडं उपाशी राहू नयेत म्हणून तेच मांस मी त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी ते खाल्लं, त्यांची मूत्रपिंडं बंद पडली आणि ती मेली. दुसरं काही कारण नाही."