भोपळ्याचे दात

प्राण्यांच्या निवाऱ्यात काम करणाऱ्या मावशींचा एकच नियम होता: कुणाचा लळा म्हणून लागू द्यायचा नाही. भोपळ्या नावाच्या कुत्र्याचे दात त्या रोज ब्रशने घासायच्या, पण ते केवळ त्याच्या तोंडाचा वास सहन होत नाही म्हणून, असं सगळ्यांना ठणकावून सांगायच्या.

नव्या डॉक्टरांनी दात बघून प्रत्येक कुत्र्याच्या वयाचं कार्ड केलं. भोपळ्याचे दात पांढरेशुभ्र, म्हणून त्यांनी लिहिलं, "चार वर्षं." मावशी मूग गिळून बसल्या. तरुण कुत्र्याला घर लवकर मिळतं, हे त्यांना ठाऊक होतं.

रविवारी एक आजी आल्या. भोपळ्याने मांडीवर डोकं ठेवताच त्या विरघळल्या, पण कार्ड वाचून त्यांनी हात मागे घेतला.

"चारच वर्षांचा? नको गं बाई. माझ्यामागे त्याचं कोण करणार? मला माझ्यासारखंच पिकलं पान हवंय."

मावशींना राहवेना. "अहो, अकराचा आहे तो! डॉक्टर फसले. सहा वर्षं रोज दात घासलेत मी त्याचे. तापाने फणफणले होते तेव्हाही येऊन घासलेत!"

त्यांचा आवाज ऐकून भोपळ्या उठला, त्यांच्यापुढे जाऊन बसला आणि न सांगताच त्याने आ वासला.

आजींनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा मावशींकडे.

"अगं, मग याला घर कसलं शोधत बसलीस? कार्डावर तुझाच पत्ता लिही की."