अर्धी बॉबिन

एकवीस वर्षं मी शर्टांच्या कॉलरी शिवतेय. बसून बसून कंबर धरलीय आणि संध्याकाळपर्यंत पाय इतके सुजतात की चपलेत मावत नाहीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दर अर्ध्या तासाने उठा, जरा चाला. दुसरं औषध नाही." त्यांना सांगायला काय जातंय! आमच्या कारखान्यात दोरा संपल्याशिवाय जागचं हलायचं नाही.

मग मीच युक्ती काढली. बॉबिन भरायचं यंत्र हॉलच्या पार त्या टोकाला आहे. मी बॉबिन अर्धीच भरायला लागले. अर्ध्या तासात दोरा संपायचा, की साठ पावलं जायचं, साठ पावलं यायचं. महिनाभरात सूज उतरली. चपला पायात जायला लागल्या.

आज सुपरवायझर माझ्या मशीनपाशी आला, तेव्हा वाटलं, चोरी पकडली. पण तो ओरडला नाही. काठोकाठ भरलेल्या बॉबिनींचा डबा त्याने माझ्या हाताशी ठेवला.

"मावशी, या वयात किती हेलपाटे घालता! आता दिवसभर उठायची गरज नाही."

बाकीच्या बायका हेव्याने बघत होत्या. खरं सांगितलं असतं तर कामच गेलं असतं. मी मेलीने वर त्याला "देव तुमचं भलं करो" म्हटलं!

संध्याकाळी चपला हातात घेऊन घरी आले. सुनेने दारातच खुर्ची पुढे केली.

"आई, किती दमलात! बसा बरं आधी."

बसले.